किती उतरलं, ते नंतर सांगते

(म्हसळा तालुक्यातल्या बचतगट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देते. मला इथे 'बाईचं आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर मी गेली दहा वर्षं बोलते आहे. रक्तक्षय, पाळी, अंगावरून जाणं, लोहाच्या गोळ्या. त्याचे तक्ते माझ्या पिशवीत कायम असतात. आज तक्ते घरी ठेवून आले आहे. आज मी जिमबद्दल बोलणार आहे. हसू आलं ना? हसून घ्या, मलाही आलं होतं.

आत येताना दारातच दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, बारीक झालात! किती उतरलं?" गंमत बघा. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये मी रेशनकार्डाचं शिबीर घेतलं, तेव्हा कोणी विचारलं नाही की ताई, किती अर्ज भरून झाले. बाई दिसली की आपली नजर आधी तिच्या अंगावर जाते. जाड झालीस, बारीक झालीस, काळवंडलीस. आपलीही जाते, फक्त पुरुषांची नाही. तेव्हा किती उतरलं, ते नंतर सांगते. आधी बाकीचं ऐका.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला घरभेट कशी करावी हे शिकवलं होतं. समोरच्याच्या पातळीवर बसा, वहीत लगेच लिहू नका, पाणी दिलं तर नाकारू नका. पण घरभेट म्हणजे चहा, हे कोणी सांगितलं नव्हतं. दिवसाला सहा घरं, म्हणजे सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. नको म्हटलं तर घरच्या बाईला वाटतं, आपल्या घरचं चालत नाही वाटतं. आणि तिला असं वाटण्याचा इतिहास आपल्या समाजात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही. मग एस.टी.त बसणं, मीटिंगला बसणं, रात्री अहवाल लिहायला बसणं. गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि मी विसरून गेले. विसरायला नको होतं. गरोदरपणात ज्यांची साखर वाढते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे मी स्वतः पन्नास जणींना सांगितलं होतं. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा एका तपासणी शिबिरात कार्यकर्त्यांनीही रक्त दिलं. माझी उपाशीपोटी साखर १२१ आली. शंभरच्या आत हवी, १२६ ला मधुमेह म्हणतात. वजन ८१ किलो. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही लोकांना सांगता ते स्वतः करत नाही वाटतं."

लाज वाटली. आणि रागही आला, कारण व्यायाम करा म्हणणं सोपं असतं. कुठे करू? पहाटे दिघी रस्त्याने चालायला गेले तर डंपर अंगावरून जातात, आणि भेटणारा प्रत्येक माणूस थांबून विचारतो, "काय ताई, इतक्या सकाळी कुठे?" पुरुष हातात काठी घेऊन गावभर फिरला तर तो मॉर्निंग वॉक. बाई निघाली तर तिला कारण लागतं. दूध आणायला, पाणी आणायला, देवळात. रिकाम्या हाताने चालणारी बाई आपल्याकडे अजून कोणाला कळतच नाही.

बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर जिम होती. जिना चढून गेले. भिंतीवर तेलकट अंगाच्या पुरुषांची पोस्टरं, खाली लोखंड, घामाचा वास. चालवणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा. मला बघून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, वर्गणी का?" त्याला वाटलं मी कसली तरी वर्गणी मागायला आले. मी म्हटलं, वर्गणी द्यायला आले आहे. मग दुपारी दोन ते चार बायकांची बॅच ठरली. का दुपारी? कारण त्या वेळी पुरुष येत नाहीत. कोकणातल्या दुपारच्या उकाड्यात, पत्र्याखाली, लाईट असली तर पंखा. उरलेली वेळ आपली, हे तर आपल्याला जेवणापासून माहीतच आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही चौघी होतो, तिसऱ्यापर्यंत अकरा झालो. एक शिक्षिका, दोन अंगणवाडी सेविका, एक कॉलेजची मुलगी, मासे विकणारी एक काकी, आणि दोघी मुसलमान मोहल्ल्यातल्या. त्यांतल्या एकीला आम्ही सगळ्या भाभी म्हणायचो. तिचा नवरा आखातात. एक जण घरी शिवणक्लासला जाते असं सांगून यायची. पिशवीत कात्री आणि टेप ठेवायची, कोणी बघितलं तर असावं म्हणून.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, आम्हाला कशाला हवा व्यायाम, दिवसभर राबतो ते काय कमी आहे? काकीही हेच म्हणाली होती. "डोक्यावर वीस-पंचवीस किलोची पाटी घेऊन मी तीन वाड्या फिरते, मला हा पोरगा काय शिकवणार?" प्रश्न बरोबर होता. मी ट्रेनरला विचारलं, त्याने काकीला सांगितलं, "एका पायावर उभ्या राहा." काकी दहा सेकंद उभी राहू शकली नाही. "हात सरळ वर न्या." उजवा कानापर्यंत गेला, डावा खांद्यातच अडला.

श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे, आणि तो आपण चळवळीतल्या बायकांनीही नीट समजून घेतलेला नाही. श्रमात वजन किती उचलायचं ते काम ठरवतं, तुमचं शरीर ठरवत नाही. लावणीच्या दिवसांत कंबरेतून सात-आठ तास वाकायचं म्हणजे वाकायचंच. पाळी आहे, ताप आहे, कोणी विचारत नाही. घागर नेहमी त्याच कंबरेवर, पाटी त्याच मानेवर. शरीर एकाच बाजूने झिजतं, आणि थांबायची मुभा नसते. व्यायामात याच्या उलट असतं. वजन तुमच्या ताकदीपासून सुरू होतं आणि दर आठवड्याला थोडं वाढतं. दोन्ही बाजूंना सारखं. एक सेट झाला की मिनिटभर थांबायचं, दोन दिवसांनी त्या स्नायूंना सुट्टी. स्नायू तयार होतो तो त्या विश्रांतीत, उचलताना नाही. आपल्या राबण्यात ही विश्रांती नसते, म्हणून आपण राबून दणकट होत नाही, राबून म्हाताऱ्या होतो. (इथे काकी मागून ओरडली, "मी नाय म्हातारी!" ती आज आली आहे. बरोबर आहे तिचं.)

शिवाय राबण्याचंही स्वरूप बदललं आहे. आमच्या आजीच्या हातात जातं होतं, उखळ होतं, रहाट होता. आमच्या हातात मिक्सर आला, नळ आला, आणि ते चांगलंच झालं, जात्याचे गोडवे मी गाणार नाही. पण काम गेलं नाही, फक्त त्यातली हालचाल गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतातल्या शंभरातल्या ५७ बायकांची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुषांत हाच आकडा ४२ आहे. यात घरकाम, शेतकाम, चालणं सगळं धरलेलं असतं. योगायोग असा की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, रक्तक्षय असलेल्या बायकाही शंभरात ५७ च आहेत. त्याच सर्वेक्षणात वजन जास्त असलेल्या बायका २४. म्हणजे एकाच घरात, कधी एकाच अंगात, चरबी आहे आणि रक्त नाही. हे कसं होतं ते आपल्या ताटात दिसतं. माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात जातो? आपल्या वाट्याला शेपूट, कालवण आणि उरलेला भात. टाकायचा कसा म्हणून आणखी दोन घास. पोट भरतं भाताने, ताकद ज्यातून येते ते मासे, अंडं, डाळ कमीच.

ट्रेनरने आम्हाला प्रोटीनची पावडर घ्यायला सांगितली. डबा अडीच हजाराचा. काकीने त्याला विचारलं, "सुकटीत काय असतं रे?" त्याला माहीत नव्हतं. सुकट, बोंबील, अंडी, चवळी, मटकी, हे सगळं प्रथिनच आहे, आणि म्हसळ्याच्या बाजारात मिळतं. पावडरचा विषय तिथेच संपला.

पहिले दोन महिने काट्यावर जेमतेम एक किलो हलला. मी रडकुंडीला आले. पण तेव्हा शिकले की नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, खाण्याला हात लावावाच लागतो. मी चहातली साखर सोडली. घरोघरी सांगून टाकलं, डॉक्टरांनी बंद केली आहे. डॉक्टरांचं नाव घेतलं की कोणाला राग येत नाही. भात अर्धा केला, ताटात मासा आधी वाढून घ्यायला लागले. सासूबाई पहिल्या दिवशी बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीही आधी वाढून घेतला.

साखर मात्र वजनाच्या आधी उतरली, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. स्नायू काम करतो तेव्हा तो रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्या वेळी त्याला इन्शुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणजे काटा हलला नाही तरी आत काम चालूच असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, काट्यावर महिन्यातून एकदाच चढा. कमरेला टेप लावा. आपल्या देशातल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं, असं डॉक्टर धरतात. आणि वहीत लिहा, आज किती उचललं.

मीराबाई चानूचं वजन तेव्हा ४९ किलोच्या गटातलं. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, तिने ११५ किलो डोक्यावर नेलं आणि रौप्यपदक आणलं. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी २००० साली, सिडनीला. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने कांस्य मिळवलं. त्याआधी शंभर वर्षं पुरुष वजन उचलत होते आणि पदकं घेत होते. आपण पाण्याचे हंडे उचलत होतो, त्याला पदक नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पाचव्या महिन्यात एक दिवस कोणीतरी समोरच्या गच्चीवरून मोबाईलवर आमचं चित्रण केलं. काचेवर कागद लावलेला होता, तो एका कोपऱ्यात फाटला होता. भाभी स्क्वॉट करत होती. डोक्याला रुमाल होता, अंगावर पूर्ण बाह्यांचा कुर्ता. वीस सेकंदांचं ते चित्रण तासाभरात आखातात पोचलं. रात्री तिच्या नवऱ्याचा फोन आला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पाच जणी आल्या नाहीत. शिवणक्लासवाली तर त्यानंतर कधीच आली नाही.

मी काय केलं? कार्यकर्ती ना मी! तावातावाने तिच्या घरी गेले. म्हटलं, "भाभी, चला, पोलिसात जाऊ, मी आहे बरोबर." तिने मला आत घेतलं, बसवलं, बिनसाखरेचा चहा दिला, आणि म्हणाली, "ताई, तक्रार तू लिहिणार, नाव माझं येणार. तू उद्या दुसऱ्या गावात मीटिंगला जाशील. मी याच गल्लीत राहणार."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मी तिच्यासाठी लढायला गेले होते, पण तिला काय हवं हे विचारायच्या आधी. आपल्या कामात हे होतं, आणि अहवालात ते आपण कधी लिहीत नाही.

त्या दिवसांत मला हमीदा बानूची फार आठवण यायची. तुमच्यापैकी कितीजणींनी हे नाव ऐकलं आहे? दोन हात. ती कुस्तीगीर होती, मूळ उत्तर प्रदेशातली, १९४० ते ५० च्या दशकांत पुरुषांशी कुस्ती खेळणारी. वर्तमानपत्रांनी तिचं वजन १०८ किलो आणि उंची ५ फूट ३ इंच छापली होती. आजच्या हिशोबाने तिला कोणीही आधी 'बारीक हो' म्हटलं असतं. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिनला एका मिनिटाच्या आत. एकदा पुरुषाला हरवलं म्हणून प्रेक्षकांनी दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. आपल्या महाराष्ट्रातही रामचंद्र साळुंके नावाच्या पैलवानाशी ठरलेली तिची कुस्ती तालीम-संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. मग ती युरोपात खेळायला जायचं म्हणाली, आणि आखाड्यातून नाहीशीच झाली. तिच्या नातवाने पुढे पत्रकारांना सांगितलं की तिला जाऊ नये म्हणून तिच्या उस्तादाने मारलं, तिचे हात मोडले. त्यानंतर ती इथेच, कल्याणला राहिली. दूध विकायची, पैसे संपले की रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकायची. १९८६ साली गेली. जिच्यापुढे पुरुष पैलवान दोन मिनिटंही टिकला नाही, तिचे हात मोडले घरात. आपण जिथे काम करतो ती जागा हीच आहे, आखाडा नव्हे.

ही गोष्ट मी भाभीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "१०८ किलो? आणि तिला कोणी काही बोलायचं नाही?" मी म्हटलं, बोलायचे असतील, पण जरा लांबून.

भाभी जिममध्ये परत आली नाही. पण तिने मला दोन रिकामे पाच लिटरचे कॅन मागितले. एका कॅनमध्ये पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, दोन्ही हातांत दहा. मी तिला मोबाईलवर काही पाठवायचं नाही असं ठरलं, म्हणून कागदावर काढून दिलं. उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, कॅन खांद्यापर्यंत, कॅन डोक्यावर. आता तिच्या ओटीवर दुपारी तिच्या दोन जावा आणि एक नणंद असते. सासू दारात बसून मोजते. नवरा सुट्टीवर आला होता, त्याने बघितलं आणि काही बोलला नाही. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही, आणि मी त्याचा विजय वगैरे करणार नाही. तिच्या गुडघ्याची कळ गेली, एवढं ती सांगते.

आम्ही उरलेल्यांनी नियम केला. आत आल्यावर सगळ्यांचे मोबाईल टोपलीत, ट्रेनरचाही. काचेला आतून पडदा. सात जणी परत आल्या. पण सात जणींच्या पैशात लाईटबिल निघत नाही म्हणून पावसाळ्यानंतर मालकाने दुपारची बॅच बंद केली. त्याचंही खोटं नाही, त्याचं दुकान आहे, सेवाभावी संस्था नाही. आता आम्ही एका मैत्रिणीच्या पडवीत जमतो. काकीने दोन जुन्या पाट्यांत वाळू भरून आणली आहे.

एक गोष्ट राहिली, पुरुष नाहीत तोवर सांगून टाकते. उड्या मारताना, शिंकताना लघवी गळते म्हणून आमच्यातल्या तिघी आधी यायलाच तयार नव्हत्या. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्याने हे होतं. लघवी अडवून धरल्यासारखे ते स्नायू आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा. एस.टी.त बसूनही होतं, कोणाला कळत नाही. तीन महिने नेटाने केलं तर बहुतेकींना फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना रक्तदाब आहे, चक्कर येते, त्यांनी आधी तपासून घ्या, हिमोग्लोबिनही बघा. रक्त नसताना घाम गाळण्यात शहाणपण नाही.

किती उतरलं, विचारत होतात ना? दहा महिन्यांत आठ किलो. ७३. अजून कोणी मला बारीक म्हणणार नाही, दारातल्या तुम्ही सोडून. उपाशीपोटी साखर १०२. पण माझ्या वहीत पहिल्या पानावर 'रिकामा दांडा, पाच वेळा, गुडघे थरथरले' असं लिहिलं आहे, आणि शेवटच्या पानावर ४० किलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा मी आणि सासूबाई एक पत्रा उचलू शकलो नव्हतो, शेजारच्या पुरुषांची वाट बघत पावसात उभ्या होतो. ते पान वहीत नाही, पण मला आठवतं.

आता कामाचं. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. त्यातून गावोगावी व्यायामाचं साहित्य येतं, आणि ते पैसे आपलेही आहेत. आम्ही एक अर्ज तयार केला आहे. सरकारी पैशातून जिथे जिथे व्यायामशाळा किंवा साहित्य असेल तिथे रोज दोन तास फक्त बायकांसाठी, आणि त्यातला एक तास तरी संध्याकाळचा. दुपारचा नको. आत बाई प्रशिक्षक, आणि बंद होणारं दार. संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार, असा प्रश्न मागच्या मीटिंगला एकीने विचारला होता. तो अर्जात लिहिता येत नाही, तो घरी जाऊन विचारायचा आहे.

अर्ज मागच्या टेबलावर ठेवला आहे. काकी तिथे बसली आहे, पेन तिच्याकडे आहे. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांनी देऊ नका, कोणी आग्रह करणार नाही. अंगठाही चालेल. आणि चहा आहे, साखर वेगळी ठेवली आहे.